खड्ड्यात पिवळी माती निघाली, टेंडरमध्ये तिचा आयटमच नाही. पैसे कुणी भरायचे?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातला छोटा काँट्रॅक्टर, सरकारी कामं घेतो, पाण्याच्या टाक्या, सम्प (म्हणजे जमिनीखालची टाकी), कंपाउंड वॉल असली. सध्या शहराच्या उत्तरेच्या बाजूला एका सरकारी वसतिगृहासाठी पाच लाख लिटरच्या सम्पचं काम चालू आहे. खात्याचं नाव लिहीत नाही, मला भांडण नकोय, रस्ता हवाय. टेंडर बी-२, म्हणजे आयटम रेट, सगळं मिळून १ कोटी ६० लाख.

खड्डा १६ बाय १०, खोली ४ मीटर. वरचे दोन मीटर काळी, ती नेहमीसारखी उचलली. खाली पिवळी लागली. आता आपल्याकडे काळीच्या खाली पिवळी लागते हे शेंबड्या पोरालाही माहीत, त्यामुळे पहिले तीन दिवस कुणाचं लक्षच गेलं नाही आणि पाच डंपर जवळच्या एका प्लॉटवर भरावाला गेलेसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी खड्ड्यात उतरलो तर भिंतीला जिथे ओल झिरपून रात्रीत वाळली होती तिथे लिंबाच्या सालीसारखी पिवळीजर्द पापडी. खाली साचलेलं पाणी पण पिवळं, आणि गढूळ अजिबात नाही, एकदम नितळ, तळातला खडा दिसत होता. ते बघून पोटात गोळा आला, कारण तेच पाणी आम्ही पंप लावून बाजूच्या कांसमध्ये, म्हणजे नाल्यात, सोडत होतो. पंपाच्या पाइपाशी दाहोदची एक बाई होती, ती म्हणाली "साहेब, हाथ बळे छे", हात जळतोय. तिच्या बोटाच्या पेरावर जुनी खरचट होती तिथे मुगाच्या दाण्याएवढा गोल खड्डा पडलाय, कडा वर आलेल्या, मधे काळपट. पंप तिथल्या तिथे बंद केला.

लॅबला दिलं. हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहाचं क्रोमियम, विषारी. लीचेटच्या टेस्टमध्ये, म्हणजे मातीतून पाण्यात किती उतरतं त्या तपासणीत, मर्यादेच्या वर, म्हणजे घातक कचरा, साध्या भरावात चालणार नाही, टीएसडीएफला, म्हणजे घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच गेली पाहिजे. कोटेशन आलं टनाला साडेतीन हजार. खालचे दोन मीटर म्हणजे ३२० घनमीटर, घनमीटरला १.७ टन धरले तर ५४४ टन, म्हणजे १९ लाख. एवढा नफा मला आख्ख्या कामात नाही.

खात्याचं म्हणणं, तुमच्या आयटममध्ये लिहिलंय "सर्व प्रकारच्या मातीत खोदकाम, विल्हेवाटीसह". वर जागा बघून दर भरलेत हे कलम आहेच. आणि टेंडरसोबतच्या जीटी रिपोर्टात, म्हणजे जमीन तपासणीच्या अहवालात, बोअर नंबर २ ला "पिवळसर ओलसर चिकणमाती" असा शेरा आहे, मग तुम्हाला कळायला हवं होतं. खात्याचे डेप्युटी इंजिनियर साहेब माणूस चांगला आहे, तोंडी म्हणाले उचला तुम्ही, नंतर बघू काहीतरी. अकरा दिवस झाले, पोकलेन उभं आहे, भाडं चालू आहे, पाऊस तोंडावर. काय करू?

वकीलताई_रावपुरा

भाऊ, पहिली गोष्ट, तोंडी सांगण्यावरून एक घमेलंसुद्धा उचलू नका. आजच पत्र द्या, खड्डा कधी कुठल्या खोलीला कसा दिसला, रिपोर्ट कधी आला, पंप कधी बंद केला, सगळं तारखेनिशी, आणि शेवटी "पुढील लेखी आदेश मिळेपर्यंत हे काम थांबवत आहोत" असं साध्या भाषेत. इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका. हिंडरन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे काम अडल्याच्या नोंदवहीत, त्याच तारखेपासून नोंद करून सही घ्या, ती नसेल तर उद्या मुदतवाढ मागताना अकरा दिवस तुमच्याच माथी येतील.

लोक म्हणतात आधी करून टाका, मग काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७० खाली मागा, कामाचा फायदा समोरच्यानं घेतला तर मोबदला द्यावा लागतो. कलम आहे, खरं आहे, पण ते बुडताना हाताला लागलेलं लाकूड आहे, त्यावर बसून प्रवास करायचा नसतो. राज्य सरकारच्या कामाचा वाद असला तर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं केलेलं ट्रिब्युनल आहे, तिथे जाता येतं, पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार की तुम्हाला लिहून कुणी सांगितलं.

"सर्व प्रकारच्या मातीत" या शब्दांबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की ते खोदायला किती कठीण एवढ्यापुरतं आहे, मऊ, कठीण, मुरूम. घातक कचरा हा मातीचा प्रकार नाही, त्याला वेगळा कायदा आहे, २०१६ चे नियम. आणि "पिवळसर" शब्दावरून क्रोमियम ओळखायला हवं होतं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की ज्यांनी तो बोअर केला, ज्यांच्या हातात तो नमुना होता, त्यांनी का नाही ओळखलं?

निवृत्त_डेप्युटी

तीस वर्षं खुर्चीच्या त्या बाजूला बसलोय म्हणून तिकडची गोष्ट सांगतो. तुमचा डेप्युटी सही करत नाहीये ते तुम्हाला बुडवायला नाही, त्याला ऑडिट पॅरा, म्हणजे ऑडिटरचा लेखी आक्षेप, दिसतोय. रिटायर होताना पेन्शन अडकलेले लोक मी बघितलेत, कारण काय तर पंधरा वर्षांपूर्वीचा एक एक्स्ट्रा आयटम, टेंडरबाहेरचा. टेंडरमध्ये खोदकाम २१० रुपये घनमीटर आणि हा माणूस त्याच खड्ड्यातल्या मातीला हजारो रुपये देतोय, ऑडिटरला कागदावर एवढंच दिसणार.

म्हणून त्याला सही करता येईल असे कागद तुम्हीच जमवून द्या. मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट, तोही खात्याच्या माणसासमोर घेतलेल्या नमुन्याचा, तुमचा तुम्ही घेतलेला चालणार नाही. प्रदूषण बोर्डाचं पत्र की ही माती टीएसडीएफलाच गेली पाहिजे. दराला तीन कोटेशन, त्याखाली रेट अ‍ॅनालिसिस, वाहतूक वेगळी दाखवून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जॉइंट मेजरमेंट, दोघांनी मिळून घेतलेलं माप, माती जागेवर असताना. एकदा खणली की ती फुगते, सव्वापट दिसते, मग तुम्ही म्हणणार चारशे घनमीटर, ते म्हणणार तीनशे, आणि दोघांकडेही पुरावा नाही. एमबीमध्ये, म्हणजे खात्याच्या मापवहीत, जागेवरचं माप चढू द्या, फाटकावर वजनकाट्याची पावती घ्या, दोन्हीचा मेळ बसला पाहिजे. एवढी फाइल असली तर एक्झिक्युटिव्ह इंजिनियर ती वरच्या ऑफिसला, सर्कलला, पाठवायला घाबरत नाही.

आणि ते पाच डंपर. ते आधी परत आणा. पैशाचं नंतर बघू, त्या प्लॉटवर पोरं खेळत असतील.

नंदेसरीत_वीस_वर्षं

केमिकलवाला आहे, सिव्हिलचं कळत नाही, पण पिवळ्या रंगाचं कळतं. तुम्ही लिहिलेलं पाणी, पापडी, बोटावरचा खड्डा, तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्या बाईला आज स्किनच्या डॉक्टरकडे न्या आणि क्रोमियम हा शब्द डॉक्टरांना सांगा, नाहीतर नुसतं मलम देऊन पाठवतील. खड्ड्यात अनवाणी कुणी नको, पापडी हातानं खरवडू नका, वाळली की धूळ नाकात जाते आणि नाकातही असेच खड्डे पडतात.

आता महत्त्वाचं. मातीचा पीएच बघितलाय का? नुसतं क्रोमियमचं पाणी मुरलेली माती असेल तर गोष्ट वेगळी, आणि क्रोमाइटच्या भट्टीतली मळी कुणीतरी कधीकाळी भरावाला टाकलेली असेल तर वेगळी. मळीचा पीएच ११-१२ लागतो. अमेरिकेत न्यूजर्सीच्या हडसन काउंटीत आणि तिकडे ग्लासगोत अशी मळी वर्षानुवर्षं भराव म्हणून वापरली, नंतर ती जमिनीखाली फुगत राहिली, फरशा उचलल्या, भिंती तडकल्या. तसं असेल तर त्यावर काहीही बांधू नका.

पीएच साधा आला तर पाण्याचा उपाय आहे, हिराकस. फेरस सल्फेट हो, आजी लोक शाईत घालायच्या तेच. सहाचं क्रोमियम तिनाचं होतं, पिवळेपणा डोळ्यादेखत जातो, खाली हिरवट तांबूस गाळ बसतो आणि हा तिनाचा पाण्यात सहज विरघळत नाही. पण खड्ड्यात पोतं ओतून मोकळे होऊ नका, पाणी टाकीत घ्या, बोर्डाला विचारून करा, गाळ परत घातक कचऱ्यातच जाणार. पिण्याच्या पाण्याला एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, त्यावरून अंदाज घ्या की डोळ्याला पिवळं दिसणारं पाणी केवढं वर असेल.

माती_तपासणारी

मी लॅबमध्ये आहे. दादा, तुम्ही किती नमुने दिले होते?

दांडियाबाजारकर

एकच. पापडीच्या जवळचा, जिथे जास्त वाटलं तिथला.

माती_तपासणारी

मग तुमचा १९ लाखांचा आकडा त्या एका पिशवीवर उभा आहे! सगळ्यात खराब जागेचा नमुना घेतला आणि तो ३२० घनमीटरला लावला. असं बहुतेक सगळेच करतात आणि मग टेस्टिंगचे पन्नास-साठ हजार वाचवून लाखांनी पैसे घालवतात.

खालचा भाग चौकटींत वाटा. १६ बाय १० मध्ये ४ बाय ५ च्या आठ चौकटी होतात, अर्ध्या अर्ध्या मीटरचे चार थर, म्हणजे ३२ ठोकळे, प्रत्येक ठोकळा दहा घनमीटर. प्रत्येकाचा वेगळा नमुना. चुन्यानं आखा, खुंट्या मारा, प्रत्येक पिशवीवर ठोकळ्याचा नंबर. सगळ्यांना महागडी टेस्ट करायची गरज नाही, आधी साध्या रंगाच्या टेस्टनं चाळणी लावायची, डायफेनिल कार्बाझाइड घातलं की सहाचं क्रोमियम असेल तिथे जांभळा गुलाबी रंग येतो, ज्यात रंग चढेल ते आणि काठावरचे लीचेटला पाठवायचे. रंग न चढलेल्यांतले पण दोन-तीन पाठवा, खात्री म्हणून. क्रोमियम मातीत सगळीकडे सारखं पसरत नाही, पाणी जिथून झिरपतं त्या वाळूच्या पट्ट्यानं जातं, चिकणमातीत अडतं.

वकीलताई_रावपुरा

हे नमुने घेताना खात्याचा माणूस, तुमचा माणूस, दोघांच्या सह्या पिशवीवर. फोटोत तारीख दिसू द्या.

आणि एक, जे बहुतेक काँट्रॅक्टरांना उशिरा कळतं. घातक कचरा पाठवताना फॉर्म १० भरावा लागतो, सात प्रती. त्यात पाठवणारा म्हणून तुमचं नाव घालू नका. जागा खात्याची, कचरा तुमच्या आधीचा, तुम्ही फक्त खणलं. एकदा तुमच्या फर्मच्या नावानं फॉर्म गेला की कागदावर तो कचरा तुमचा झाला.

निवृत्त_डेप्युटी

ताईंच्या मुद्द्याला जोडून. खात्याला भीती वाटते की फॉर्मवर नाव आलं म्हणजे प्रदूषण आम्ही केलं असं होईल. तसं होत नाही, पण त्यांना ते कुणीतरी लेखी समजावून दिलं पाहिजे, बोर्डाच्या पत्रात "पूर्वीच्या वापरामुळे दूषित" असे शब्द आले तर बरं.

इंदूरहून

आमच्याकडचा अनुभव वाचा. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्याचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून पीथमपूरला आणला, इथून तासाभरावर, तेव्हा काय वातावरण होतं ते आम्ही बघितलंय. लोक रस्त्यावर, दुकानं बंद, शेवटी हायकोर्टाच्या देखरेखीखाली जूनच्या शेवटी जाळून संपला. आणि हा गोदामात भरून ठेवलेला कचरा होता, तिथल्या जमिनीतली माती आणि पाणी अजून तसंच आहे. तुमची माती नेताना गाड्या झाकलेल्या, कागद गाडीत, रस्ता ठरलेला ठेवा. एका डंपरमधून पिवळं पाणी रस्त्यावर गळालं तर काम महिनाभर बंद पडेल.

अलकापुरी_बिल्डर

मला कळत नाही, ज्यानं घाण केली त्यानंच पैसे द्यायचे ना? कायदा आहे ना तसा? खातं आणि काँट्रॅक्टर का भांडतायत?

वकीलताई_रावपुरा

कायदा आहे, आणि आता वेगळे नियमही आले आहेत, जुलै २०२५ मध्ये, दूषित जागांसाठीच. जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, राज्य बोर्डानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग तीन महिन्यांत सविस्तर, मग जबाबदार कोण ते शोधायचं आणि साफसफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्यानं बघायचं. चांगली गोष्ट आहे, पण महिने मोजा. भाऊंचं पोकलेन तेवढे दिवस उभं राहू शकत नाही.

वसुलीचं म्हणाल तर राजस्थानातलं बिछडीचं प्रकरण आठवा, उदयपूरजवळचं, एच-अ‍ॅसिडच्या मळीनं विहिरी लाल झालेल्या. सुप्रीम कोर्टानं १९९६ ला सांगितलं की प्रदूषण करणाऱ्यानं भरायचं. २०११ मध्ये तेच कोर्ट त्याच कंपन्यांना ३७ कोटींवर रक्कम व्याजासकट भरा म्हणून सांगत होतं. पंधरा वर्षं. म्हणून आधी जागेच्या मालकानं खर्च करायचा आणि मागून वसुलीला लागायचं, हाच व्यवहारी मार्ग. काँट्रॅक्टरकडे ना ती जमीन, ना जुने कागद, तो कुणाकडून वसूल करणार?

अलकापुरी_बिल्डर

मग प्रत्येक टेंडरमध्ये दूषित मातीचा एक आयटमच टाकून ठेवावा, दर टनाला, म्हणजे वादच नको.

निवृत्त_डेप्युटी

टाकून ठेवा, पण त्यात एक खाचखळगा आहे. असा आयटम दिसला की काही जण त्यातच जास्त दर भरणार आणि मग चांगली मातीसुद्धा दूषित निघायला लागणार, हे मी रॉक एक्सकॅव्हेशनमध्ये बघितलंय, कागदावर बडोद्याच्या मातीत खडक निघालेला आहे. म्हणून दर खात्यानं ठरवून छापायचा, आणि पैसे फक्त टीएसडीएफच्या पावतीवर आणि वजनकाट्यावर. त्याहून स्वस्त म्हणजे टेंडरच्या आधी त्याच बोअरमधून चार नमुने केमिकल टेस्टला पाठवणं. आपण एसपीटी करतो, म्हणजे मातीची ताकद बघतो, पीएच, सल्फेट, क्लोराइड बघतो आणि थांबतो. या शहरात, जिथे रसायनांचं पाणी समुद्रापर्यंत न्यायला १९८३ साली पन्नासवर किलोमीटरचा चॅनल बांधावा लागला, तिथे जड धातू बघत नाही! शेजारच्या बोअरवेलचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बघितलं असतं तरी कळलं असतं.

आणि परदेशात जागतिक बँकेच्या पैशाची कामं फिडिकच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय इंजिनियर संघटनेच्या नमुना करारानं होतात तिथे ४.१२ चं कलम असतं, अनुभवी काँट्रॅक्टरला आधी दिसू न शकणारी जमिनीतली अडचण आली तर खर्च मालकाचा. आपल्या बी-२ मध्ये ते नाही.

नंदेसरीत_वीस_वर्षं

मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. तिथे पाण्याचा सम्प करायचाच कशाला? खड्ड्यातली माती काढाल, खड्ड्याबाहेरची तशीच राहणार. जमिनीतलं पाणी वर्षभर त्या भिंतीला लागून असणार. सम्प अर्धा रिकामा असताना, एखादा जॉइंट कधीतरी गळला, की बाहेरचं आत. पोरं ते पाणी पिणार.

दांडियाबाजारकर

काका, तुमचं हे वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून एक्झिक्युटिव्हकडे हाच मुद्दा घेऊन गेलो, पैशाचा कागद खिशातच ठेवला.

दांडियाबाजारकर

बरेच दिवसांनी लिहितोय, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

जॉइंट नमुने घेतले, लॅबवाल्या ताईंनी सांगितलं तसे चुन्यानं आखून. तीन ठोकळे आधीच पाच डंपरमधून गेले होते, राहिलेले २९. अकरा फेल, बाकीचे पास, काठावरचे सुद्धा. फेल झालेले जवळपास सगळे एका कोपऱ्यातून तिरके जातात, वाळूचा पट्टा आहे तिथे, बरोबर सांगितलं होतं. पीएच साधा आला, मळी नाही, कुठूनतरी पाणी मुरत आलेलं आहे. अकरा ठोकळे म्हणजे ११० घनमीटर, हिशेबानं १८७ टन, काट्यावर २०१ भरले कारण ताडपत्री घालायच्या आधी एक सर येऊन गेली. ते १४ टन पाणी आहे आणि त्याचे पैसे मी सोडले. राहिलेल्याचा एक्स्ट्रा आयटम सर्कलमधून मंजूर होऊन आला, सहा लाखांच्या वर, वाहतूक धरून. कुठे १९ आणि कुठे हे. फॉर्म १० खात्याच्या नावानं गेला.

पोकलेनच्या उभ्या भाड्याचे पैसे मिळाले नाहीत, मुदतवाढ मिळाली, दंड लागणार नाही एवढंच. त्यावर मी भांडत बसलो नाही, वकीलताई रागावतील, पण फाइल परत उघडली असती तर मोठं बिल पण अडकलं असतं.

पाच डंपर आणायला गेलो तर तिथल्या मातीत मिसळलेले, खरवडून भरले तर सात झाले. ८४ टन. ते पैसे माझे, लेखी आदेशाशिवाय मीच पाठवले होते, त्यावर मला काही म्हणायचं नाही. प्लॉटच्या मालकाला स्वतः जाऊन सांगितलं काय होतं ते, तिथला तळ पण तपासून घेतला, साफ आला.

सम्प तिथे होत नाहीये. टाकी जमिनीवर करायची ठरलं, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, तिथे चार बोअरचे नमुने आधी केमिकलला पाठवले, डेप्युटी साहेबांनी स्वतः सांगून. खड्डा बोर्डाच्या ताब्यात, बाजूच्या बोअरवेलवर लाल रंग मारून पाणी पिऊ नये लिहिलंय, जागा संशयित म्हणून कळवली आहे.

माती_तपासणारी

आणि त्या बाईचा हात?

दांडियाबाजारकर

भरत आलाय. स्किनचे डॉक्टर म्हणाले वेळेत आणलं, डाग राहील. बारा दिवसांची हजेरी दिली, ती क्लेममध्ये टाकली नाही. आता ती नव्या जागेवर आहे, गमबूट आणि रबरी हातमोजे घालून, सगळ्यांनाच दिलेत. हातमोज्यात घाम येतो म्हणून काढून ठेवते, मी दिवसातून चारदा ओरडतो. सोमवारी पीसीसी आहे, पायाखालचं पहिलं काँक्रीट.